जमेचे कोरे पान



वर्षाचा हिशेब कसा मांडायचा हे शेतकऱ्याला शिकवायला नको. वहीच्या एका अंगाला जमा, दुसऱ्या अंगाला नावे. जमेला उसाचे बिल, दुधाचे बिल, चार पोती भात, परसातल्या शेवग्याचे दोन पैसे. नावे बियाणे, खत, औषध, भांगलणीची मजुरी, पाणीपट्टी, वीजबिल, सोसायटीचा हप्ता आणि दवाखाना. अखेरीस दोन्ही बाजू जुळवायच्या आणि काय उरले, किती अंगावर आले ते पाहायचे. घरात लिहिणारे कोणी नसले तरी कारभारणीच्या डोक्यात ही वही पक्की असते.

पण या वहीत काही नोंदी कधीच होत नाहीत. उन्हाळ्यात आटला नाही म्हणून ज्याने पाण्याची खेप वाचवली, तो डोंगराच्या पायथ्याचा झरा वहीत नसतो. भोपळ्याच्या, सूर्यफुलाच्या, कांद्याच्या बियाण्याच्या फुलांवर फिरून फळ धरणारी मधमाशी नसते. खाचरातले किडे टिपणारा बेडूक नसतो. पोत्यांच्या थप्पीमागचे उंदीर उचलणारी धामण नसते. वळीव झाल्यावर बांधाची माती धरून ठेवणारे गवत नसते. यांपैकी कोणी कधी बिल पाठवत नाही, म्हणून त्यांची नोंद होत नाही. बाकी सगळ्यांची बिले येतात, म्हणून नावेचे पान भरते आणि जमेचे एक पान कायम कोरे राहते.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. अनमोल म्हणजे ज्याचे मोल करता येणार नाही इतके मोठे, आणि कवडीमोल म्हणजे ज्याला काहीच मोल नाही. निसर्गाला आपण तोंडाने अनमोल म्हणतो आणि व्यवहारात कवडीमोल धरतो. सरकारदरबारीही फार वर्षे हेच चालले. ते बदलण्याची खटपट गेल्या काही वर्षांत जगभर चालू आहे. तिचा आपल्या घराशी काय संबंध, ते आज शिराळा तालुक्याच्या उदाहरणाने पाहू.

मुद्दल आणि व्याज

या विषयातले जाणकार 'नैसर्गिक भांडवल' असा शब्द वापरतात. शब्द अवघड वाटला तरी गोष्ट गोठ्यातलीच आहे. म्हैस हे भांडवल आणि दूध हे तिचे उत्पन्न. दूध विकून घर चालवावे, म्हैस विकून चालवू नये. म्हैस विकली की त्या महिन्यात हातात पैसा भरपूर दिसतो, पण पुढच्या महिन्यापासून दुधाचे बिल बंद होते. ज्याने वहीत फक्त आलेला पैसा लिहिला आणि गेलेली म्हैस लिहिलीच नाही, त्याला वाटते की हे वर्ष फार चांगले गेले.

देशाचे उत्पन्न मोजण्याची रीत पुष्कळशी अशीच आहे. डोंगर तोडून खडी विकली, ते उत्पन्नात धरले जाते. डोंगर गेला, झरा आटला, ते कुठे वजा होत नाही. पुढे झरा आटला म्हणून टँकर लावला, तर टँकरचे भाडेही देशाच्या उत्पन्नात मिळवले जाते. घरात असा हिशेब कोणी केला, तर शेजारीपाजारी त्याला शहाणा म्हणणार नाहीत.

चांदोलीचे रान काय देते?

सांगली जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला जत-आटपाडीचा दुष्काळ आठवतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत शिराळा आहे. हा भाताचा तालुका. पावसाआधी कोरड्या मातीत धूळवाफेवर भात पेरायचा आणि मृगाची वाट बघायची, ही इथली रीत. एकाच जिल्ह्यात एवढा फरक का, याचे उत्तर पश्चिमेच्या डोंगरात आहे.

या डोंगरात १९८५ साली चांदोली अभयारण्य झाले. २००४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र ३१७ चौरस किलोमीटरच्या वर आहे. २०१० साली चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाचा जागतिक वारशात समावेश केला. त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणे आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

वारणा नदी याच डोंगरात उगम पावते. चांदोलीच्या धरणात, म्हणजे वसंतसागरात, ती अडवली आहे. या जलाशयाची क्षमता ३४.४० टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर पाणी. धरणातून निघालेली वारणा एका काठाला सांगली जिल्हा आणि दुसऱ्या काठाला कोल्हापूर जिल्हा घेत हरिपूरजवळ कृष्णेला मिळते. दोन्ही काठांचा ऊस, दोन्ही काठांच्या पाणीयोजना, साखर कारखाने आणि दूध संघ यांचा व्यवहार या पाण्यावर उभा आहे.

आता धरण बांधायला किती खर्च आला, कालवे किती, मोटारी किती, वीज किती, हे सगळे कागदावर आहे. पण धरणाच्या वरच्या अंगाला असलेले रान काय काम करते, याचा कागद मात्र फार उशिरा तयार होऊ लागला.

रानाची कामे साधी आहेत. पावसाचा मारा आधी झाडाच्या पानांवर पडतो, मग पालापाचोळ्यावर, मग मातीवर. मुळांनी आणि गांडुळांनी भुसभुशीत केलेली माती पाणी पिते. तेच पाणी डोंगराच्या पोटातून सावकाश पाझरत हिवाळ्या-उन्हाळ्यात झऱ्याला येते. उघड्याबोडक्या डोंगरावर तोच पाऊस माती घेऊन धावतो, आणि ती माती खाली धरणात जाऊन बसते. जितका गाळ बसला तितके पाणी कमी मावणार. गाळ काढायचा खर्च किती आणि त्याला वर्षे किती लागतील, हे ज्याने गावतळ्यातला गाळ काढून पाहिला आहे त्याला सांगायला नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. रान असले म्हणजे महापूर येतच नाही, असे नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांचे पूर कृष्णा-वारणाकाठ विसरलेला नाही. पाऊस दिवसेंदिवस सलग कोसळला आणि माती पाण्याने तुडुंब झाली, की रानालाही जादा पाणी धरता येत नाही. रान गाळ अडवते, झरे टिकवते, लहान-मध्यम पावसाचा लोंढा संथ करते. न केलेल्या कामाचे श्रेय रानाला देऊन जमेचा आकडा फुगवला, तर तो हिशेबही खोटाच ठरेल.

फुकटातला गडी गेल्यावर

असल्या कामाची किंमत रुपयांत काढायची कशी? जाणकारांच्या रीती पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या दोन आपल्याला सहज समजतात. पहिली रीत: हे काम निसर्गाने सोडून दिले, तर तेच करून घ्यायला किती पैसे लागतील? झरा आटला तर टँकर, पाइपलाइन आणि मोटार यांचा खर्च, तीच झऱ्याची किमान किंमत. दुसरी रीत: हे काम बंद पडले तर नुकसान किती होईल? या दुसऱ्या रीतीची दोन उदाहरणे आपल्याच देशाने भोगली आहेत.

पहिले बेडकांचे. १९७० ते ८० च्या दशकांत आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. परकीय चलन मिळते म्हणून धंदा फोफावला. वर्षाला हजारो टन माल जात होता. वहीत चलनाची जमा दिसत होती. खाचरातून आणि तळ्यातून बेडूक गेले, त्यांनी खाल्ले असते ते किडे राहिले आणि त्यांच्यावर फवारायचे औषध मात्र शेतकऱ्याच्या नावे पडत होते. अखेर १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली.

दुसरे उदाहरण गिधाडांचे, आणि ते फार मोठे आहे. गावाबाहेर टाकलेले मेलेले ढोर गिधाडे बघता बघता साफ करीत. त्या कामाची मजुरी कोणी दिली नाही. १९९० नंतर गिधाडे झपाट्याने मरू लागली. कारण पुढे कळले. जनावरांच्या वेदनेवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या अंगात राहते आणि ते मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण तोवर गिधाडांच्या काही जातींतली शंभरातली पंचाण्णवाहून जास्त नाहीशी झाली होती.

मग ढोरे तशीच कुजू लागली. कुत्री वाढली, उंदीर वाढले, पाणी नासले. २०२४ साली इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचा हिशेब प्रसिद्ध केला. जिथे पूर्वी गिधाडे पुष्कळ होती आणि जिथे मुळातच थोडी होती, अशा जिल्ह्यांची त्यांनी तुलना केली. २००० ते २००५ या काळात गिधाडे गेल्यामुळे सुमारे ५ लाख माणसे जादा मेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. औषध स्वस्त होते आणि गिधाड फुकट होते. त्या स्वस्ताईची किंमत माणसांनी जिवानिशी मोजली, आणि ती कोणाच्याच वहीत लिहिली गेली नाही.

शिराळ्याच्या वाचकांना येथे नाग आठवल्यावाचून राहणार नाही. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सगळ्या देशाला ठाऊक आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याला धरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली दिलेला आदेश यांमुळे जिवंत नाग पकडून पुजण्याची जुनी प्रथा थांबली. पुढे २०२५ साली केंद्र सरकारने काही ठराविक लोकांना शैक्षणिक कारणासाठी नाग पकडण्याची परवानगी दिली. श्रद्धेचा आणि कायद्याचा तो वाद ज्याच्या त्याच्या ठिकाणी. शेतकऱ्याच्या वहीपुरते बोलायचे तर नाग आणि धामण हे उंदरांचे वैरी आहेत. उंदीर उभे पीकही खातो आणि घरात आलेले धान्यही खातो.

पण सापाच्या खात्यावर नावेही मोठी आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुतेक खेड्यातली. म्हणून दोन्ही बाजू लिहाव्यात. रात्री पाणी पाजायला जाताना बूट आणि बॅटरी हवी. साप चावला तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखाना गाठावा. सापाला उगाच मारू नये, आणि दंश झालेल्या माणसाचा एक क्षणही वाया घालवू नये. खरा हिशेब असा दोन्ही अंगांनी होतो.

सरकारच्या वहीत रान कसे आले?

इंग्रजांच्या काळी रानाच्या खात्यावर मुख्य जमा होती, ती इमारती लाकडाची. गुरांची चराई, मोळी, पत्रावळीची पाने, औषधी मुळ्या, या गोष्टींना त्या वहीत फारसे मोल नव्हते. उलट त्या परवानगीवाचून घेतल्या तर गुन्हा. त्यामुळे १९३० साली ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले, आणि त्यांतला एक आपल्या बिळाशीचा. बिळाशी तेव्हा सातारा जिल्ह्यात होती. परकी सत्ता घालवण्याचा तो लढा होताच, पण त्यात हाही सवाल होता की रानाची किंमत कोणी ठरवायची, आणि फक्त लाकडाचीच का धरायची?

स्वातंत्र्यानंतरही लाकडाची नजर लवकर गेली नाही. सर्वोच्च न्यायालयात गोदावर्मन प्रकरण म्हणून गाजलेल्या खटल्यात हा प्रश्न पुढे आला. धरण, खाण, रस्ता यांसाठी रानजमीन घ्यायची असेल, तर लाकडाच्या किमतीखेरीज त्या रानापासून पुढे मिळणाऱ्या पाणी, माती, हवा अशा लाभांची आजची किंमतही भरली पाहिजे, असे २००२ साली ठरले. अर्थशास्त्रज्ञ कांचन चोप्रा यांच्या समितीने त्याची रीत सुचवली. मार्च २००८ मध्ये न्यायालयाने दर मान्य केले: रानाच्या प्रकारानुसार हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये. अभयारण्याची जमीन असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यानाची असेल तर दहापट. २०२२ साली हे दर आणखी वाढवले. जमलेल्या पैशासाठी २०१६ साली कायदा झाला आणि त्यातला ९० टक्के वाटा राज्यांना देण्याचे ठरले.

२०१५ साली भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेने देशातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांचा जमाखर्च मांडला. प्रत्येक प्रकल्पापासून वर्षाला ८३० कोटी ते १,७६० कोटी रुपयांचे लाभ होतात, असा तो हिशेब आहे. सगळ्यांत मोठा आकडा केरळातल्या पेरियारचा. त्यातले ४०५ कोटी रुपये नुसते पाण्याचे. गंमत अशी की रान केरळात आहे आणि ते पाणी तामिळनाडूच्या शेतकऱ्याला मिळते. वाघ वाचवायला एवढा खर्च कशाला, असे म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर होते. वाघाच्या नावाने राखलेले रान दुसऱ्या राज्यातल्या शेताला पाणी पुरवत होते.

आता असे हिशेब मांडण्याची एकसारखी रीत संयुक्त राष्ट्रसंघाने मार्च २०२१ मध्ये मान्य केली आहे. आपल्या केंद्र सरकारचे सांख्यिकी खातेही २०१८ पासून पर्यावरणाची खाती प्रसिद्ध करीत आले आहे. म्हणजे कोऱ्या पानावर अक्षरे उमटू लागली, हे खरे.

जमा खाली, नावे वर

आता आपल्या मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. चांदोलीच्या कडेच्या एखाद्या वाडीवरची बहीण हे सगळे वाचून विचारील, "भाऊ, रानाचे एवढे कोटी झाले म्हणता, मग आमच्या खाचरात काल रात्री गवे शिरले त्याचे काय?"

तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. पाणी खाली वाहते, त्यामुळे लाभही खाली वाहतो. उसाची बिले खाली, कारखान्याची धुराडी खाली, शहराचे नळ खाली. आणि गवा, रानडुक्कर, बिबट्या यांचा त्रास मात्र वरच्या माणसाला. जमा एका घराची आणि नावे दुसऱ्या घराची, अशी ही वही आहे.

समजा, एका घराचे वीस गुंठे भात आहे. पीक पोटरीला आल्यापासून कापणीपर्यंत घरातला एक माणूस चाळीस रात्री माळ्यावर जागतो. रात्रीची मजुरी तीनशे रुपये धरली तरी बारा हजार रुपये झाले. हा खर्च कुठल्या पंचनाम्यात येतो? पीक खाल्ले तर पंचनामा होतो, पण राखण करून पीक वाचवले तर ती मेहनत कोणी मोजत नाही. दिवसा शेत, रात्री राखण, पोराच्या शाळेची आबाळ, बाईमाणसाच्या जिवाला घोर. ज्याचे जळते त्याला कळते.

त्याहून मोठी नावे आहे ती उठलेल्या गावांची. धरणासाठी आणि अभयारण्यासाठी कितीतरी गावे डोंगरातून उठली. घरांची जोती, ग्रामदैवते, पूर्वजांच्या समाध्या मागे राहिल्या. पुनर्वसनाच्या जमिनीसाठी आणि सोयींसाठी लोकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. वारणेच्या पाण्यावर खाली जे पीक डोलते, त्यात त्या गावांचे भांडवल गुंतले आहे. भागीदाराचे भांडवल धंद्यात घ्यायचे आणि नफ्याच्या वेळी त्याचे नाव वगळायचे, असा व्यवहार बाजारात कोणी चालवून घेत नाही.

म्हणून रानाचे मोल काढले एवढ्याने काम भागत नाही. ते मोल राखणाऱ्याच्या हातात त्याचा वाटा पडेपर्यंत हिशेब अपुरा आहे. आणि असा वाटा देता येतो, याची उदाहरणे आहेत.

हिमाचल प्रदेशात पालमपूर नावाचे गाव आहे. त्याला बोहल येथल्या झऱ्याचे पाणी मिळते. झऱ्यावरचे रान वरची खेडी राखतात. २०१० साली पालमपूरच्या नगरपरिषदेने त्या खेड्यांच्या समितीशी करार केला. वरच्यांनी रान राखायचे आणि खालच्यांनी त्यांना वर्षाला १० हजार रुपये द्यायचे. रक्कम लहान आहे. पण पाणी पिणाऱ्याने रान राखणाऱ्याचे देणे कागदावर कबूल केले, ही गोष्ट लहान नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने हेच मोठ्या प्रमाणावर केले. शहराचे पाणी शंभरावर मैल लांबच्या डोंगरातून येते. पाणी गाळण्याचा कारखाना बांधायचा तर खर्च सहाशे कोटी डॉलरच्या पुढे जाईल असा अंदाज होता. त्याऐवजी १९९७ च्या करारानुसार शहराने डोंगरातली रानजमीन राखायला आणि तिथल्या शेतकऱ्यांना ओढ्याकाठी कुंपण, गोठ्याच्या शेणमुताची सोय असल्या कामांना पैसे दिले. कारखान्याच्या खर्चाच्या मानाने हा खर्च फार थोडा पडला. तिथल्या गवळ्यांनी आधी पुष्कळ विरोध केला होता. आपल्यावर फक्त बंधने येणार नाहीत, मोबदलाही मिळणार, हे दिसल्यावर ते तयार झाले.

वारणेच्या खोऱ्यात असे का होऊ नये? पाणीपट्टीतला, उसाच्या टनामागचा एखादा लहानसा हिस्सा वरच्या गावांच्या कुंपणाला, राखणीला, झऱ्यांच्या दुरुस्तीला ठेवला, तर खालच्या शेतकऱ्याचेही त्यात हितच आहे. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

मोल काढले म्हणजे विकायला काढले असे नाही

या गोष्टीला एक धोका आहे, तोही सांगतो. हेक्टरी अमुक लाख असा दर ठरला, की पैसेवाला म्हणतो, "हे घ्या पैसे, द्या रान." दर हा अडथळा म्हणून ठेवला होता, तो काहींना दरवाजा वाटतो. एका ठिकाणचे सदाहरित रान तोडून दुसऱ्या ठिकाणी माळावर रोपे लावली, की कागदावर फिटंफाट होते. पण कागदावरची रोपे झरा सोडत नाहीत. जे रान वाढायला शेकडो वर्षे लागली, त्याची भरपाई पाच पावसाळ्यांत होत नाही.

आपण घराचा, बैलजोडीचा विमा उतरवतो, तेव्हा त्यांची किंमत लिहितो. म्हणजे आपण त्यांना विकायला काढले असे होत नाही. आईच्या कष्टांची मजुरी कोणी मांडली, तर घराला तिचे मोल कळावे म्हणून मांडील. निसर्गाच्या किमतीचा आकडा तसाच वापरावा. निर्णय घेताना दुसऱ्या पारड्यात काय आहे ते दिसावे, एवढेच त्याचे काम. देवराईतली कुऱ्हाड आपल्या पूर्वजांनी रुपयांचा हिशेब न करता थांबवली. काही गोष्टींना हात लावायचाच नाही, हाही एक प्रकारचा हिशेबच आहे, आणि तो टिकला पाहिजे.

आपल्या हातात काय आहे?

सरकार करील ते करील. गाव करी ते राव न करी म्हणतात. चार-पाच गोष्टी आपल्याला आजच करता येतील.

एक. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ही कल्पना आपल्याकडे रुजवण्यात शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. आपल्या पंचायतीत जाऊन ही वही पाहा. ती कपाटात नुसती धूळ खात असेल किंवा कोणा बाहेरच्याने टेबलावर बसून भरली असेल, तर ग्रामसभेत विषय काढा. गावातली झाडे, कंदमुळे, भाताच्या जुन्या जाती, झरे, मोहोळे हे सगळे म्हाताऱ्या माणसांना आणि बायाबापड्यांना विचारून लिहून काढा. सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडापासून कॅन्सरच्या औषधाचा अर्क निघतो. पण हे माहीत नसताना कितीतरी ठिकाणी तो मोळीच्या भावाने गेला. आपल्या रानात काय आहे हे आपल्याच वहीत नसेल, तर बाहेरचा सांगेल तो भाव.

दोन. गावातल्या झऱ्यांची आणि विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून शाळेच्या फळ्यावर लिहा. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दरसाल पावसाचे आणि पाण्याचे अंदाजपत्रक मांडून पीक ठरवण्याची शिस्त लावली आणि दुष्काळी गाव सावरले. दोरी, दगड आणि खडू एवढे साहित्य त्याला पुरे.

तीन. रानजनावराने नुकसान केले तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, फोटो काढा, सातबारा जवळ ठेवा आणि पंचनाम्याची नक्कल मागून घ्या. "एवढ्याशा नुकसानीला कोण जाणार" असे म्हणून सोडून देऊ नका. जे नुकसान नोंदले जात नाही, ते सरकारच्या लेखी झालेलेच नसते. राखणीच्या रात्रीही घरच्या वहीत लिहून ठेवा आणि गावचा एकत्र आकडा ग्रामसभेच्या ठरावात घाला. उद्या वाट्याची बोलणी झाली, तर हाच कागद उपयोगी पडेल.

चार. जनावराला वेदनेचे औषध देताना पशुवैद्याला विचारा. डायक्लोफिनॅक नको म्हणा. गिधाडांना अपाय न करणारे मेलोक्झिकॅम मिळते.

पाच. बांधाचे गवत, ओढ्याकाठची झाडे, मोहोळाचे झाड यांना हात लावण्याआधी घरात एकदा विचार करा. आग्या मोहोळ जाळून मध काढण्याचा प्रघात सोडून द्या. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला. तिथले लोक माशी राखून मध घेतात, आणि त्या माशा पिकांचेही काम करून जातात.

यंदा हिशेबाची वही उघडाल तेव्हा जमेच्या बाजूला एक पान वेगळे ठेवा. आकडे नाही आले तरी चालेल, नुसती नावे लिहा: कोणता झरा, कोणते झाड, कोणता ओढा, डोंगराचा कोणता तुकडा. घरातल्या पोरासोरांकडूनच लिहून घ्या. त्यांच्या नावावर आपण सातबारा करून देतो, विम्याचे कागद करून देतो. या मुद्दलाचा कागदही त्यांच्या हातात पडायला हवा. त्यातले काय शिल्लक आहे आणि काय आपल्या हयातीत खर्ची पडले, हे त्यांना कळले पाहिजे.

पुढच्या आठवड्यात बांधावरच्या झाडांविषयी: कोणते झाड पिकाला सावलीचा त्रास देते, आणि कोणते वैरण, सरपण व पालाखत देऊन आपली जागा फेडते.